कोलकात्याच्या भेरी आणि विकासाची वही

कोलकात्याचा उतार हुगळी नदीकडे नाही, पूर्वेकडे आहे. त्यामुळे शहराचं बहुतेक सांडपाणी कालव्यांतून पूर्वेच्या पाणथळीकडे जातं. तिथे सुमारे १२,५०० हेक्टरांवर ‘भेरी’ म्हणजे उथळ मत्स्यतलाव, भातखाचरं आणि धाप्याचे भाजीमळे पसरले आहेत. तलाव उथळ, म्हणून ऊन आत खोलवर पोचतं आणि शेवाळ वाढतं. त्याने सोडलेल्या प्राणवायूवर जिवाणू मैला कुजवतात, शेवाळ मासे खातात आणि ते मासे शहराच्याच बाजारात येतात. ध्रुवज्योती घोष या सरकारी अभियंत्याने १९८०च्या दशकात या व्यवस्थेचा अभ्यास करून ती जगासमोर मांडली. तिथल्या मच्छीमारांना ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतीच. २००२ साली ही पाणथळ आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली.

‘शहर वाढवायचं की निसर्ग राखायचा’ हा वाद बराचसा चुकीच्या हिशेबातून उभा राहतो. भेरी बुजवून इमारत उठली की तिची किंमत वहीत चढते. भेरी फुकट करत असलेल्या सफाईची नोंद मात्र कुठेच नसते. पुढे त्याच सफाईसाठी कर्ज काढून शुद्धीकरण केंद्र बांधलं, तर तोही विकासच! मुंबईने मिठी नदीकाठची दलदल अशीच कवडीमोल धरली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा नदीला पसरायला जागा उरली नव्हती.

गरिबांना घरं नकोत का, असं विचारलं जातं. हवीतच. पण याच पाणथळीच्या भागात हुगळीचा गाळ भरून १९६०च्या दशकात वसवायला घेतलेलं सॉल्ट लेक हे उपनगर आज गरिबांची वस्ती म्हणून कुणी ओळखत नाही. सांडपाण्यातल्या माशांत जड धातू येतील, ही शंका अधिक गंभीर आहे. त्यावर उपाय म्हणजे चामड्याच्या आणि इतर कारखान्यांचं पाणी घरगुती सांडपाण्यात मिसळू न देणं. तलाव बुजवल्याने ते विष नाहीसं होत नाही, दुसरीकडे वाहतं.

कायद्याचा आधार आहे. १९९२ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने पाणथळीच्या बाजूने निकाल दिला, २००६ साली स्वतंत्र कायदा आला. तरीही अतिक्रमण थांबलेलं नाही, कारण माशांपेक्षा जमिनीचा भाव मोठा आहे. नुसत्या बंदीने ही तफावत मिटणार नाही. सांडपाणी शुद्ध करण्याचे पैसे महापालिकेने यंत्रवाल्या कंत्राटदाराला जसे मोजले असते, तसेच ते भेरीवर राबणाऱ्यांनाही मोजावेत.