घर बांधताना : अंदाजपत्रकाचे आणि जागा पाहण्याचे पैसे कोणी द्यायचे?



उसाच्या बिलाचा पैसा हाती आला की आपल्याकडे दोन कामे हमखास निघतात. एक लग्न आणि दुसरे घर. लग्नाचा हिशोब घरातल्या मोठ्या माणसांना तोंडपाठ असतो. घराचे तसे नसते. शेतकरी माणूस बहुधा जन्मात एकदाच घर बांधतो आणि ठेकेदार मात्र वर्षाला पाच-दहा बांधतो. त्यामुळे बोलणीच्या वेळी एकाला सगळे माहीत असते आणि दुसऱ्याला काहीच नाही.

अशा कामात पाया खणण्याआधीच एक तंटा उभा राहतो. ठेकेदाराला निरोप जातो, "जरा येऊन जागा बघून जा." तो येतो, टेप लावतो, चहा घेतो. आठ दिवसांनी आकडे मांडलेला कागद आणून देतो. घरमालक आणखी दोघांना बोलावतो, त्यांतल्या एकाला काम देतो. मग पहिल्याचा निरोप येतो, "तीन खेपा झाल्या, नकाशा काढला, पाच हजार द्या." घरमालक म्हणतो, "काम दिलंच नाही, तर पैसे कसले?" रक्कम फार मोठी नसते, पण त्यावरून बोलाचाली होते. ठेकेदारही बहुतेक वेळा पंचक्रोशीतलाच, कोणाचा तरी पाहुणा, कदाचित आपल्याच एखाद्या सभासदाचा डिप्लोमा झालेला मुलगा असतो. तेव्हा यात कोणाची बाजू कुठवर खरी, हे दोन्हीकडच्यांनी समजून घेतलेले बरे.

नुसता भाव सांगणे आणि अंदाजपत्रक करणे

पहिली गोष्ट, ही दोन कामे वेगळी आहेत. गवंडी किंवा ठेकेदार जागेवर येतो, पावलांनी किंवा टेपने माप घेतो आणि "मालासहित चौरस फुटाला इतके, नुसत्या मजुरीवर इतके" असे सांगतो. हा झाला भाव. काम मिळावे म्हणून तो आलेला असतो. दुकानदार कापडाचा भाव सांगण्याचे पैसे घेत नाही, तसेच हे.

इंजिनिअर किंवा वास्तुविशारद नकाशा काढतो, लोखंड किती, सिमेंटच्या गोण्या किती, बांधकाम किती ब्रास, खिडक्या-दारे किती, असा एकेक आकडा मांडतो. हे झाले अंदाजपत्रक. त्यात त्याचे दोन-चार दिवस जातात आणि तीच त्याची विद्या आहे. बँकेच्या कर्जासाठी असाच कागद लागतो. त्याची फी मागणे गैर नाही. अट एकच, ती आधी सांगितली पाहिजे.

जागा पाहणे हे खरे काम का आहे

काही सभासदांना वाटते की जागा पाहायला काय लागते? आले, बघितले, गेले. आपल्या ऊस पट्ट्यात तरी हे म्हणणे बरोबर नाही. आपली जमीन काळी. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा मातीवर पाया ठेवला तर भिंतीला तडे जातात. म्हणून पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा लागतो, नाहीतर काळ्या जमिनीसाठी खास पद्धतीचा पाया घ्यावा लागतो. आता मुरूम कोठे तीन फुटांवर लागतो, तर त्याच गावात ओढ्याकडेला दहा फुटांवरही लागत नाही. एखाद-दुसरा खड्डा घेऊन बघितल्याशिवाय पायाचा खर्च कोणालाच सांगता येणार नाही.

शिवाय टिपर जागेपर्यंत येतो का, पाणी कोठून आणायचे, विजेचा खांब किती लांब, शेजाऱ्याची भिंत किती जवळ, हे सगळे खर्चात धरावे लागते. जो ठेकेदार जागा न बघता फोनवर स्वस्त भाव सांगतो, तो पुढे "पाया खोल गेला, जादा काम झालं" म्हणून तीच रक्कम वसूल करतो. तेव्हा पाहणीची वाजवी फी देऊन नीट आकडा मिळत असेल, तर तो व्यवहार तोट्याचा नाही.

मापाचेही तसेच आहे. समजा, घर आतून ३० फूट बाय २५ फूट, म्हणजे ७५० चौरस फूट. भिंती नऊ इंची. बाहेरून मोजले तर साडेएकतीस बाय साडेसव्वीस, म्हणजे सुमारे ८३५ चौरस फूट. भाव चौरस फुटाला १८०० रुपये धरला, तर नुसत्या मोजण्याच्या पद्धतीने दीड लाखाचा फरक पडतो. तेव्हा भाव ऐकताना माप आतले की बाहेरचे, सज्जा आणि जिना कसा धरणार, शौचालयाची टाकी त्यात आहे की नाही, हे विचारून घ्यावे.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे करारासाठी १८७२ चा भारतीय करार कायदा आहे. त्यातले सूत्र सोपे आहे. एकाने प्रस्ताव मांडला आणि दुसऱ्याने तो मान्य केला की करार होतो. ठेकेदाराने भाव सांगितला, हा त्याचा प्रस्ताव. आपण तो नाकारला तर करारच झाला नाही. प्रस्ताव तयार करायला त्याला जो खर्च आला, तो त्याच्या धंद्याचा खर्च. फीबद्दल आधी काहीच बोलणे झाले नसेल, तर मागाहून "खेपेचे पैसे" लावण्याचा हक्क त्याला मिळत नाही.

तथापि याला दोन अपवाद आहेत आणि ते सभासदांनी लक्षात ठेवावेत.

पहिला अपवाद म्हणजे ठरलेली फी. "माझी जागेवर येण्याची फी पंधराशे" असे त्याने आधी सांगितले आणि आपण "या" म्हणालो, तर काम दिले नाही तरी ते पंधराशे देणे लागते. तोंडी करारही करारच असतो. फक्त तो शाबीत करणे अवघड जाते. फी प्रत्येक खेपेची ठरली असेल, तर आपण बोलावले तेवढ्या खेपांचे द्यावे. तो "इकडून चाललो होतो" म्हणून आपणहून आला, ती खेप आपल्या खात्यावर येत नाही.

दुसरा अपवाद त्याच कायद्याच्या कलम ७० चा. एखाद्याने आपल्यासाठी काही काम केले, ते फुकट करण्याचा त्याचा हेतू नव्हता आणि आपण त्याचा फायदा घेतला, तर त्याचा वाजवी मोबदला द्यावा लागतो किंवा वस्तू परत करावी लागते. आपल्याकडे नेमके चुकते ते इथे. एकाकडून नकाशा काढून घ्यायचा आणि दुसऱ्या स्वस्त ठेकेदाराच्या हाती देऊन त्याच नकाशावर घर बांधायचे. मग "काम दिलंच नाही" असे म्हणता येणार नाही. नकाशा वापरला, तर त्याचे पैसे द्यावेत. द्यायचे नसतील, तर नकाशा परत करावा आणि वापरू नये.

विसाराचे काय?

काही ठेकेदार पहिल्याच भेटीत "बुकिंग" म्हणून दहा-वीस हजार घेतात आणि काम रद्द झाले की "ते परत मिळत नाहीत" म्हणतात. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करार मोडल्यास किती रक्कम द्यायची हे कागदावर लिहिलेले असले, तरी न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देते, आणि तीही लिहिलेल्या रकमेच्या आत. म्हणजे कागदावर आकडा आहे म्हणून तो सगळा गेलाच, असे नाही. पण उलटही खरे आहे. आपल्या शब्दावर त्याने माणसे थांबवली, माल आणून टाकला आणि आपण ऐनवेळी माघार घेतली, तर त्याचे झालेले नुकसान आपल्याकडे येते.

जीएसटी आणि पावती

पाहणीच्या फीवर जीएसटी लावला असेल, तर नोंदणी क्रमांक विचारावा. ज्याची नोंदणी नाही, त्याला हा कर गिऱ्हाइकाकडून घेता येत नाही. आणि पैसे दिले की पावती घ्यावीच. आपली उसाची गाडी काट्यावरून वजनाची पावती घेतल्याशिवाय हलत नाही. तिथे किलोचा हिशोब ठेवणारा माणूस घराच्या कामात मात्र हजारो रुपये खिशातून काढून देतो आणि "लिहून ठेवा हं" एवढेच म्हणतो! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल किंवा पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. फोनवरून पैसे पाठवले, तर "जागा पाहणी फी" असा शेरा टाकावा.

आधी ही चिठ्ठी द्या

या सगळ्या तंट्यावर सोपा उपाय म्हणजे बोलावण्यापूर्वी दोन ओळी लिहिणे. स्टॅम्प पेपर नको, वकील नको. व्हॉट्सॲपवर पाठवून समोरून "मान्य" असे उत्तर घेतले, तरी पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडते. नमुना असा :

"श्री. ......... यांस. आपण दि. ...... रोजी मौजे ......... येथील माझी जागा पाहून घराच्या बांधकामाचे अंदाजपत्रक द्यावे. जागा पाहण्याची फी रु. ...... / फी नाही. अंदाजपत्रकाची व नकाशाची फी रु. ...... / फी नाही. याव्यतिरिक्त काही देणे राहणार नाही. काम आपणांस दिल्यास वरील रक्कम पहिल्या बिलातून वजा व्हावी. आपणांस मान्य असल्यास कळवावे."

नको असेल ते खोडावे. फी घेणारा प्रामाणिक ठेकेदार अशा चिठ्ठीने रागावत नाही, कारण ती त्याच्याही कामाची आहे. जो "आपल्यात लिहायचं काय?" असे म्हणतो, त्याच्याशी आणखी जपून बोलावे. सातबाऱ्याचा उतारा, मिळकत उतारा वगैरेंच्या झेरॉक्स द्याव्यात, मूळ कागद हातचे सोडू नयेत.

तंटा झालाच तर

१. प्रथम ठेकेदाराकडून खेपांच्या तारखा आणि कामाचा तपशील लेखी मागवावा. निम्मे तंटे इथेच मिटतात.

२. जेवढी रक्कम खरोखर ठरली होती, तेवढी पावती घेऊन देऊन टाकावी. वादाची तेवढी वेगळी ठेवावी.

३. गावात तंटामुक्ती समिती चालू असेल, तर तिच्यापुढे बसावे. २००७ साली सुरू झालेली ही मोहीम अशाच कामासाठी होती.

४. ठेकेदार "पोलिसात जातो" म्हणाला, तर घाबरू नये. ठरल्या पैशाचा वाद हा दिवाणी वाद आहे. त्याचा दावा खरा असेल, तर त्याने दिवाणी न्यायालयात जावे. त्यासाठी साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते.

५. आपण फी दिली आणि अंदाजपत्रक मिळाले नाही, किंवा विसार अडकला, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. घरबांधणी ही ग्राहक कायद्याखालची सेवा आहे, हे लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली सांगितले आहे आणि आता कायद्यातही तसे नमूद आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल, तर फी लागत नाही. वकील सक्तीचा नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार देता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघावा. मात्र सेवा संपूर्ण फुकट घेतली असेल, तर हा कायदा लागू होत नाही. तसेच रेरा हा कायदा बिल्डरच्या प्रकल्पातल्या फ्लॅट-प्लॉटसाठी आहे. आपल्याच जागेवर ठेकेदाराकडून बांधून घेतलेल्या घराला तो उपयोगी पडत नाही.

ठेकेदारी करणाऱ्या आपल्या तरुणांनाही एक सांगणे आहे. फी घेणार असाल तर मोटारसायकलला किक मारण्याआधी सांगा. कष्टाचे पैसे मागण्यात लाज नाही, पण न सांगता मागितलेले वाजवी पैसेसुद्धा समोरच्याला लुबाडल्यासारखे वाटतात. तोडणी उरकून पावसाआधी कामे काढायची असतील, तर दोन-तीन जणांचे भाव आताच मागवा. चिठ्ठ्या, पावत्या आणि आलेले भाव एकाच फाइलला लावा आणि घराची वास्तुशांत होऊन दोन वर्षे जाईपर्यंत ती फाइल टाकू नका.