मध्यम किमतीच्या लॅपटॉपवर भारी गेम चालेल का?

खोक्यावरच्या नावाला भुलू नका. वॅट, मेमरी आणि पंखा पाहा

दहावी-बारावीचे निकाल लागले की पालघर, बोईसर, तारापूर परिसरात घरोघरी लॅपटॉपचा विषय निघतो. मुलगा म्हणतो, "अब्बा, अभ्यासही होईल, दुकानाचा हिशेबही होईल आणि गेमही चालेल." वडील गल्ल्यातून किंवा मालासाठी राखलेल्या भांडवलातून पैसे काढतात. दुकानदार सांगतो, "नवा आय-फाइव्ह आहे, सगळे चालेल." महिन्याभरात गेम अडखळू लागतो, पंखा घोंघावतो, लॅपटॉप हात लावू देत नाही. मग घरात वाद सुरू होतात. खरे तर यात मुलगाही खोटे बोललेला नसतो आणि दुकानदारही. आय-फाइव्ह हे प्रोसेसरचे नाव आहे. भारी गेमचा मुख्य भार मात्र ग्राफिक्स कार्डावर पडतो, आणि त्याबद्दल कोणी विचारलेलेच नसते.

गेमला नेमके काय लागते?

लॅपटॉपचा नेहमीचा पडदा १९२० बाय १०८० ठिपक्यांचा असतो. म्हणजे एका चित्रात सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके. गेम सफाईने चालायचा तर सेकंदाला अशी ६० चित्रे रंगवावी लागतात. प्रत्येक चित्राला सेकंदाचा साठावा भागच मिळतो. हे काम ग्राफिक्स कार्ड करते आणि त्यासाठी लागणारा माल स्वतःच्या मेमरीत ठेवते. कारागिराच्या हाताशी फळी लहान असेल तर तो सारखा उठून गोदामात जातो आणि काम खोळंबते. कार्डाची मेमरी कमी पडली की गेमचे तसेच होते.

'सायबरपंक २०७७' या गेमचे उदाहरण घेऊ. तो १० डिसेंबर २०२० रोजी बाजारात आला. जुन्या प्लेस्टेशनवर तो इतका अडखळला की सोनीने आठवड्याभरातच त्याची ऑनलाइन विक्री थांबवली. ती जून २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. म्हणजे खास गेमसाठी बनवलेले मशीनही भारी गेमपुढे दमते. २०२३ मध्ये कंपनीने या गेमच्या संगणकासाठीच्या अटी वाढवल्या. कमीत कमी १२ जीबी रॅम, ६ जीबी मेमरीचे जीटीएक्स १०६० कार्ड आणि एसएसडीवर ७० जीबी जागा. चांगल्या चित्रासाठी १६ जीबी रॅम आणि ८ जीबीचे आरटीएक्स २०६० सुपर कार्ड.

आता मध्यम किमतीचा लॅपटॉप या तराजूत घालून पाहा. ज्यात वेगळे कार्ड नाही, त्यात चित्राचे काम रॅममधूनच उसनवारीवर चालते. तिथे असा गेम खेळण्याची आशा ठेवू नये. आरटीएक्स ३०५० चे ४ जीबीवाले कार्ड असेल तर गेम सुरू होतो, पण चित्राचा दर्जा बराच उतरवावा लागतो. आरटीएक्स ४०५० मध्ये ६ जीबी आणि ४०६० मध्ये ८ जीबी मेमरी असते. ही कार्डे असा गेम मध्यम दर्जावर नीट पेलतात. शिवाय या कार्डांत डीएलएसएस नावाची सोय आहे. कार्ड आधी लहान चित्र रंगवते आणि मग ते हुशारीने मोठे करते, त्यामुळे भार हलका होतो. २०१५ मध्ये संगणकावर आलेल्या 'जीटीए फाइव्ह'सारख्या जुन्या गेमला तर यातले कोणतेही कार्ड पुरून उरते.

एकच नाव, दोन ताकदी

बहुतेक ग्राहक फसतो तो इथे. लॅपटॉपमधले आरटीएक्स ४०५० किंवा ४०६० कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही विजेवर बसवलेले असू शकते. नाव तेच, स्टिकर तोच. पण पातळ, देखण्या लॅपटॉपमधले कमी वॅटचे कार्ड आणि जाड लॅपटॉपमधले जास्त वॅटचे कार्ड यांच्या कामात मोठा फरक पडतो. मोटारीवर एकाच कंपनीची पाटी असली म्हणून अर्धा अश्वशक्तीची मोटार दोन अश्वशक्तीचे काम करत नाही, हे कारखानदाराला सांगायला नको. हा वॅटचा आकडा बहुधा कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या माहितीत असतो. दुकानदाराला तो दाखवायला सांगावे.

दुसरी गोष्ट, रॅम आणि एसएसडी बऱ्याच लॅपटॉपमध्ये नंतर वाढवता येतात. ग्राफिक्स कार्ड मात्र बोर्डावरच जोडलेले असते, ते बदलत नाही. तेव्हा पैसे तुटपुंजे असतील तर आज कार्डावर खर्च करा, रॅम पुढच्या वर्षी वाढवा. ८ जीबीच्या दोन स्टिक असतील तर १६ जीबीच्या एका स्टिकपेक्षा काम बहुधा वेगाने होते, हेही ध्यानात ठेवावे. जागेचाही विचार हवा. 'रेड डेड रिडेम्प्शन २' हा एकच गेम १५० जीबी जागा मागतो. ५१२ जीबीची एसएसडी दोन-तीन गेममध्येच भरत येते.

आपल्याकडची हवा

पुस्तकी आकडे थंड, कोरड्या खोलीतले असतात. आपल्याकडे उकाडा आहे, किनाऱ्याची खारट दमट हवा आहे. तारापूर एमआयडीसीत कापडाच्या युनिटजवळ राहणाऱ्यांकडे हवेत तंतूही असतात. हे तंतू पंख्याच्या जाळीत अडकतात, गरम हवा बाहेर पडत नाही आणि प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. गेम सुरुवातीला छान चालतो आणि अर्ध्या तासाने मंदावतो, त्याचे हे एक मोठे कारण. लॅपटॉप गादीवर ठेवून खेळू नये. वर्षातून एकदा तरी जाणकाराकडून पंखा साफ करून घ्यावा. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि कार्डाची ताकद आपोआप कमी होते, हा बिघाड नव्हे.

खरेदी कशी करावी?

डहाणूपर्यंत लोकल २०१३ मध्ये सुरू झाल्यापासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन भाव काढणे सोपे झाले आहे. पण भावातल्या फरकातून भाडे, दिवसाचा खाडा आणि पुढे दुरुस्तीसाठीचे हेलपाटे वजा करून पाहा. जवळचा दुकानदार थोडा महाग पडला तरी सेवा देत असेल तर सौदा वाईट नाही. कुठेही घ्या, पैसे देण्यापूर्वी नमुन्याच्या मशीनवर अर्धा तास भारी गेम चालवून दाखवायला सांगा. पहिल्या पाच मिनिटांवर जाऊ नका, शेवटची पाच मिनिटे पाहा. जुना लॅपटॉप घेत असाल तर ही कसोटी सोडूच नये.

धंद्यासाठी घेत असाल तर बिल पेढीच्या नावाने, जीएसटी क्रमांकासह घ्यावे. समजा करापूर्वी किंमत ७०,००० रुपये आहे. १८ टक्क्यांनी कर १२,६०० रुपये होतो. लॅपटॉप खरोखर धंद्यासाठी वापरला जात असेल तर नोंदणीकृत व्यापाऱ्याला त्याचा परतावा हिशेबात मिळतो. कंपोझिशन योजनेतल्यांना तो मिळत नाही, आणि नुसत्या खेळासाठी घेतलेल्या मशीनवर तो दाखवू नये.

चिंचणी-तारापूर पट्ट्यातल्या डाय बनवणाऱ्या कारागिरांसाठी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. संगणकावर नक्षीचे त्रिमिती चित्र काढण्यालाही चांगले कार्ड, भरपूर रॅम आणि थंड राहणारे मशीन कामी येते. मुलाचा गेम पेलणारा लॅपटॉप बापाचे डिझाइनही पेलू शकतो. मशीन घरातून हलवायचे नसेल तर मात्र डेस्कटॉपचाही विचार करावा. त्याच पैशात तो बहुधा जास्त ताकदीचा मिळतो, कमी तापतो आणि त्याचे कार्ड पुढे बदलता येते.

तेव्हा प्रश्नाचे उत्तर 'हो' असेच आहे, पण अटींसह: ६ जीबी किंवा जास्त मेमरीचे वेगळे कार्ड, भरपूर वॅट, १६ जीबी रॅम, एसएसडी आणि मोकळी हवा. या पाच गोष्टी कागदावर लिहून मुलाला सोबत घेऊन दुकानात जा. दुकानदाराला प्रश्न त्यालाच विचारू द्या. भाव ठरवायचे काम मात्र स्वतःकडे ठेवा.