फिरता द्रव, एकच जर्नल
प्रयोगशाळेतलं भौतिकशास्त्र : लेखांक ९

परळी, अंबाजोगाई, माजलगाव, गेवराई या पट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्यांतल्या सेंट्रिफ्युगल यंत्रांत दाट पाक गरगर फिरू लागतो. साखरेचे दाणे जाळीच्या भिंतीवर अडकतात आणि मळी जाळीतून बाहेर पडते. भिंत अक्षापासून ६० सेंमीवर आहे आणि वेग मिनिटाला १००० फेऱ्यांचा आहे असं धरलं, तर भिंतीजवळच्या पाकाला बाहेर रेटणारा जोर त्याच्या वजनाच्या सुमारे ६७० पट भरतो. म्हणूनच पाक तळाशी न साचता भिंतीला उभा लागून राहतो. कोनीय वेगाचा वर्ग गुणिले अक्षापासूनचं अंतर, भागिले गुरुत्वत्वरण, या एका गुणोत्तरावर फिरत्या द्रवाचा पृष्ठभाग कुठे किती कलेल हे ठरतं. कारखान्यात हा आकडा शेकड्यांत असतो, तर प्रयोगशाळेतल्या थाळीत एकाच्याही बराच खाली. नियम मात्र तोच. अक्षापासून दूर जाल तसा कल अंतराच्या प्रमाणात वाढतो, म्हणून पृष्ठभागाला अन्वस्ताचा, म्हणजे पॅराबोलाचा, आकार येतो. या हिशेबात द्रवाची घनता कुठेच येत नाही. पाणी, ग्लिसरीन आणि पारा एकाच वेगाने फिरवले, तर तिघांचे खोलगट पृष्ठभाग सारखेच वळतात.

आपल्या महाविद्यालयांत यांत्रिकी आणि प्रकाशशास्त्र यांची प्रॅक्टिकल वेगवेगळी होतात. लोलक एका टेबलावर, स्पेक्ट्रोमीटर दुसऱ्यावर, आणि बहुतेकदा दोघांमध्ये आख्खं सत्र उभं. माझं म्हणणं असं की फिरत्या द्रवाचा प्रयोग नेमका ही भिंत पाडण्यासाठी करावा, कारण यातलं यांत्रिकीचं मोजमाप प्रकाशाच्या मदतीशिवाय धड होतच नाही. जुन्या रेकॉर्ड प्लेअरच्या तबकडीवर गोल पसरट भांडं मधोमध ठेवा आणि मिनिटाला ३३.३ फेऱ्यांनी फिरवा. मधला बिंदू आणि तिथून ५ सेंमीवरचा बिंदू यांच्या उंचीत जेमतेम १.६ मिलिमीटरचा फरक पडतो. पट्टी लावून हा फरक मोजायला गेलात तर वाचनात अर्ध्या मिलिमीटरची चूक सहज होते आणि गुरुत्वत्वरणाचं उत्तर तीस टक्क्यांनी हुकतं. आता त्याच ५ सेंमीवर वरून सरळ खाली लेसरचा किरण सोडा. तिथला पृष्ठभाग साडेतीन अंशांनी कललेला आहे. परावर्तित किरण त्याच्या दुप्पट वळतो आणि एक मीटर उंचीवरच्या पडद्यावर मूळ किरणापासून साडेबारा सेंटिमीटरवर ठिपका उमटवतो. ठिपका दोन मिलिमीटर रुंद असला तरी चूक दोन टक्क्यांच्या आत राहते. द्रव तोच आणि वेगही तोच, पण मोजायची गोष्ट बदलली.

गेल्या आठवड्यातला लोलक वाचलेले वाचक इथे विचारतील की गुरुत्वत्वरण लोलकाने याहून नेमकं मिळतं, मग ही उठाठेव कशाला? अचूकतेच्या शर्यतीत लोलक जिंकतो, हे मान्य. पण लोलकाचं उत्तर विद्यार्थ्याला आधीच पाठ असतं. ९.८ जवळ आणायचं म्हणून रीडिंग उलटी रचून जर्नल भरण्याचा प्रकार प्रॅक्टिकल घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे (आणि बहुतेक जण त्यावर निमूट सही करतात). फिरत्या द्रवात ही चलाखी अवघड होते. अन्वस्ताचं नाभ्यंतर म्हणजे गुरुत्वत्वरण भागिले कोनीय वेगाच्या वर्गाची दुप्पट. बीडच्या अक्षांशावर गुरुत्वत्वरण ९.७८ च्या आसपास असतं. ते घातलं तर ३३.३ फेऱ्यांना नाभ्यंतर ४० सेंमी येतं, ४५ फेऱ्यांना २२ सेंमी आणि ७८ फेऱ्यांना अवघं सव्वासात सेंमी. नाभ्यंतर गुणिले वेगाचा वर्ग ही राशी तिन्ही वेळा सारखीच यायला हवी. शिवाय ठिपक्याच्या विस्थापनातून काढलेला पृष्ठभागाचा कल आणि पडद्यावर किरण एकवटवून मोजलेलं नाभ्यंतर हे दोन वेगळे रस्ते आहेत. ते एकाच आकड्यावर पोचले, तरच पृष्ठभाग अन्वस्त आहे या गृहीताला आधार मिळतो. लोलकात असं दुसरं साक्षीदार मोजमाप नसतं.

प्रत्यक्ष करताना अडचणी आहेत. चमच्याने ढवळलेल्या पाण्याला हा हिशेब लागू पडत नाही, कारण त्यात मधलं आणि कडेचं पाणी एकाच कोनीय वेगाने फिरत नाही. भांडंच फिरवावं लागतं आणि संपूर्ण द्रव त्याच्याबरोबर फिरू लागेपर्यंत थांबावं लागतं. पाण्याला यासाठी काही मिनिटं द्यावी लागतात. ग्लिसरीन दाट असल्याने त्याचं काम काही सेकंदांत होतं. पाण्याचा पृष्ठभाग सरळ पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे दोनच टक्के परत पाठवतो, पण लेसरच्या ठिपक्याला तेवढा पुरतो. तळ मात्र काळा रंगवावा, नाहीतर तिथून परतणारा दुसरा ठिपका घोळ घालतो. तबकडी पाणसळ लावून सपाट करावी आणि वेग तबकडीवर छापलेला न घेता ५० फेऱ्यांना लागणाऱ्या वेळेवरून काढावा. ३३.३ च्या वेगाला हा वेळ ९० सेकंद असतो. वेगात एक टक्का चूक झाली तर उत्तरात दोन टक्के शिरते. पाऱ्याची वाफ विषारी असते, तेव्हा महाविद्यालयात त्याच्या वाटेला जाऊ नये. परत येणारा लेसर डोळ्यांच्या उंचीवरही असू नये.

हा खेळ आहे, अभ्यासक्रमाच्या योग्यतेचा नाही, असाही एक सूर निघतो. २००१ साली तुर्कस्तानातल्या अंताल्या इथे झालेल्या आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाडमध्ये बारावीच्या वयाच्या मुलांना प्रायोगिक परीक्षेत फिरता द्रवच दिला होता. पृष्ठभागाच्या आकारावरून गुरुत्वत्वरण काढा, त्याच द्रवाला आरसा समजून नाभ्यंतर तपासा, आणि शेवटी त्याचा अपवर्तनांक शोधा, असं ते काम होतं. मोठ्या प्रमाणावरचा पुरावा नैनितालजवळ देवस्थळ इथे आहे. तिथल्या आंतरराष्ट्रीय द्रव-आरसा दुर्बिणीने २०२२ मध्ये पहिलं आकाशचित्र टिपलं. तिचा चार मीटर व्यासाचा आरसा म्हणजे फिरत्या पाऱ्याचा पातळ थर आहे. त्याला एका फेरीला आठ सेकंद लागतात आणि नाभ्यंतर आठ मीटर आहे. वरच्या सूत्रात आठ सेकंद घालून पाहा, उत्तर ७.९ मीटर येतं. ही दुर्बीण फक्त माथ्यावरचं आकाश पाहू शकते, कारण आरसा कलवला की पारा सांडेल. तेव्हा द्रवाचे आरसे घासलेल्या काचेची जागा घेतील असं कोणी म्हणत नाही. काच घासण्याचा खर्च मात्र वाचतो.

बीडच्या बलभीम किंवा अंबाजोगाईच्या योगेश्वरी महाविद्यालयासारख्या ठिकाणी हा प्रयोग मांडायला तबकडी, काळं भांडं, ग्लिसरीन, लेसर आणि घड्याळ पुरे. प्रॅक्टिकल घेणाऱ्या शिक्षकांना विनंती एवढीच : पट्टीने मोजलेली खोली, लेसरने मोजलेला कल आणि नाभ्यंतर ही तिन्ही रीडिंग मुलांना एकाच जर्नलमध्ये, एकाच पानावर लिहू द्यावीत, आणि ती जुळली नाहीत तरी पान फाडायला सांगू नये.