काजळी नळीतली, भडका देशभर!

कोलकात्याचं सॉल्ट लेक म्हणजे आज आखीव रस्त्यांची वसाहत आणि फुटबॉलचं प्रचंड स्टेडियम. १९६०च्या दशकात हुगळीच्या गाळाने भराव घालून ते वसवण्यापूर्वी तिथे खाऱ्या पाण्याची तळी आणि दलदल होती. त्या दलदलीच्या वायव्येला दमदमची लष्करी छावणी. जानेवारी १८५७मध्ये इथेच एक ठिणगी पडली. निमित्त काय, तर बंदुकीची नळी साफ ठेवण्याचा एक साधा उपाय!

काडतुसांना गायीची आणि डुकराची चरबी असल्याची गोष्ट शाळेत सगळ्यांनीच वाचलेली असते. पण मुळात काडतुसाला चरबी लावायचीच कशाला?

उत्तर दडलंय काळ्या दारूत. सोरा ७५ भाग, कोळसा १५ आणि गंधक १० भाग, असं तिचं मिश्रण. ती पेटली की निम्म्याहून अधिक वजन क्षार आणि काजळीच्या रूपाने मागे उरतं. काही धुरासोबत उडतं, बाकीचं नळीला आतून चिकटतं. कोरड्या उन्हात हा थर दगडासारखा होतो. दमट हवेत तो पाणी ओढतो आणि लोखंड गंजतं. कोकणात ज्यांच्या घरी ठासणीची बंदूक होती, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

घट्ट गोळीची अडचण

कंपनीच्या शिपायांची जुनी ‘ब्राऊन बेस’ बंदूक आतून गुळगुळीत होती. गोळी सैल असे, म्हणून थोडी काजळी चालून जाई. १८५३च्या नमुन्याच्या एन्फिल्ड रायफलीचं तसं नव्हतं. ०.५७७ इंचांच्या नळीत तीन पीळदार खाचा. नेम लांबचा आणि अचूक, पण त्यासाठी गोळी नळीत नेमकी बसायला हवी. काही बार झाले की काजळीमुळे गोळी गजाने ठासूनही खाली उतरेना. म्हणून काडतुसाच्या गोळीकडच्या टोकाला चरबी आणि मेण लावलं जाई. त्याने काजळी मऊ राही. शिपायाने काडतुसाचं दुसरं टोक दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची आणि मग कागदासकट गोळी ठासायची, अशी कवायत होती.

धोका कुणाच्याच लक्षात आला नव्हता, असं नाही. ही काडतुसं हवामानाच्या चाचणीसाठी १८५३मध्ये भारतात आली, तेव्हाच कर्नल टकर या अधिकाऱ्याने बजावलं होतं, की चरबी कशाची आहे याची खात्री झाल्याशिवाय ती देशी पलटणींना देऊ नयेत. इशारा कागदावरच राहिला.

मग दमदमच्या एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे पाण्याचा लोटा मागितला. शिपायाने नकार देताच त्याने सुनावलं, की लवकरच गायी-डुकरांची चरबी तोंडाने तोडावी लागेल, तेव्हा जात कुठे राहील? कॅप्टन राइट यांच्या २२ जानेवारीच्या अहवालात हा प्रसंग नोंदला आहे. शिपायांसमोर प्रश्न जातीबाहेर टाकलं जाण्याचा, म्हणजे घरदारच तुटण्याचा होता.

शिपायांचा तोडगा

शिपायांनी नुसती तक्रार केली नाही, मार्गही सुचवला: मेण आणि तेल वापरा! सरकारने काही दिवसांतच स्वतःच्या पसंतीचं वंगण लावण्याची मुभा दिली. पुढे दातांऐवजी हाताने काडतूस फाडण्याचीही सोय केली. पण तोवर विश्वास उडाला होता. संशय आता कागदाच्या तकाकीवरही येऊ लागला. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे यांनी शस्त्र उचललं. २४ एप्रिलला मेरठच्या ८५ घोडेस्वारांनी काडतुसं नाकारली, तीही जुन्याच पद्धतीची, नवी चरबी नसलेली! १० मे रोजी मेरठ पेटलं.

उठावाला इतरही कारणं होती. १८५६मध्ये खालसा केलेलं अवध, हातची गेलेली संस्थानं, शिपायांची गाऱ्हाणी. पण या साचलेल्या असंतोषाला ठिणगी लागली ती काडतुसाची.

परदेशांत आजही हौशी नेमबाज काळ्या दारूच्या रायफली चालवतात. मधमाश्यांचं मेण आणि तेल यांचं वंगण, दोन बारांच्या मध्ये ओलसर फडक्याचा एक फेरा, शेवटी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेलाचा हात, एवढ्यावर त्यांची नळी नीट राहते.

दमदमच्या शिपायांनी सुचवलेला उपाय जवळपास हाच होता. विचारायचंच होतं, तर ते आधी विचारायला हवं होतं!