ऑगस्टमध्ये आम्ही एकदाच जेवलो?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्या. तसं पाहिलं तर या लेखातली मोठी चूक शुद्धलेखनाची नाहीच. ती पुढे येईल!

आमच्या हॉस्टेलच्या मेस कमिटीत हिशेबाचं काम माझ्याकडे आहे. २०२५ च्या जुलै ते ऑक्टोबरचं बिल आलं ते पूर्ण १२३ दिवसांचं. रोज किती ताटं झाली हे मेसचे काका वहीत लिहितात आणि मग ते एक्सेलमध्ये टाकलं जातं. त्या शीटमध्ये ओळी निघाल्या ११९. म्हणजे चार दिवस गायब, पण पैसे मात्र पूर्ण! आता ते चार दिवस कुठले? मी बोट फिरवत बसले, पण पन्नासाव्या ओळीलाच डोळे मिटायला लागले. कॉलममध्ये जे आहे ते दिसतं, जे नाहीच ते कसं दिसणार?

म्हणून मॅक्रो लिहायचं ठरवलं. मॅक्रो म्हणजे एक्सेलने ओळीने करायची कामं, व्हीबीए भाषेत लिहून ठेवलेली. फर्स्ट इयरला ज्याने थोडंफार सी केलंय त्याला तासाभरात जमेल.

आधी एक गोष्ट समजून घ्या. एक्सेलला तारीख म्हणजे फक्त एक आकडा. १ जानेवारी १९०० चा आकडा १, आणि पुढे रोज एकने वाढत जायचं. १ जुलै २०२५ चा आकडा ४५८३९ आणि ३१ ऑक्टोबरचा ४५९६१. (एक गंमत सांगते. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, तरी एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख आहे! लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅममधली ही चूक त्याच्याशी जुळावं म्हणून एक्सेलने तशीच ठेवली.)

तारीख म्हणजे आकडा, हे एकदा पटलं की मॅक्रो सोपा आहे :

१. आधी फाइलची कॉपी करा. मॅक्रोने केलेला बदल अन्डू होत नाही.

२. ऑल्ट आणि एफ-११ दाबा, इन्सर्टमधून मॉड्युल घ्या आणि नवीन 'सब' सुरू करा.

३. पहिल्या आणि शेवटच्या तारखेचा आकडा दोन व्हेरिएबल्समध्ये ठेवा. टाइप 'लाँग' घ्या, 'डेट' घेतला तर पुढची तुलना कधीकधी फसते.

४. पहिल्या आकड्यापासून शेवटच्यापर्यंत फॉर-नेक्स्ट लूप चालवा. प्रत्येक आकडा तारखांच्या कॉलममध्ये किती वेळा आलाय ते काउंटइफला विचारा.

५. उत्तर शून्य आलं तर ती तारीख बाजूच्या रिकाम्या कॉलममध्ये लिहा.

६. एफ-५ ने चालवा. सेव्ह करताना 'मॅक्रो-एनेबल्ड वर्कबुक' निवडा, नाहीतर मॅक्रो उडून जाईल.

काही जण वरच्या आणि खालच्या ओळीतला फरक काढतात आणि एकपेक्षा जास्त आला की धरतात. पण त्यासाठी कॉलम क्रमाने लावलेला हवा, आणि सुरुवातीची किंवा शेवटची तारीखच नसेल तर ती सापडत नाही. आपण कॅलेंडरवरून कॉलमकडे बघतोय, म्हणून क्रम कसाही असला तरी चालतो.

मी मॅक्रो चालवला. चारऐवजी ३४ तारखा आल्या! त्यातल्या ३० एकट्या ऑगस्टच्या. मॅक्रोच्या मते ऑगस्टमध्ये आम्ही फक्त ८ तारखेला जेवलो होतो. खरं तर इथेच थांबायला हवं होतं. पण मी प्रिंट काढली, नोटीस बोर्डावर लावली आणि खाली लिहिलं, "काकांनी उत्तर द्यावं." काकांनी ती वाचली आणि काही न बोलता पोळ्या वाढायला गेले.

रात्री रूममेटने विचारलं, "अगं, ऑगस्ट टाईप कोणी केला होता?"

काका गणपतीला गावी गेले होते. ऑगस्ट मीच माझ्या लॅपटॉपवर टाईप करून शीटमध्ये पेस्ट केला होता. माझ्या लॅपटॉपचं सेटिंग अमेरिकन, म्हणजे आधी महिना मग दिवस. मी ०५/०८ टाकलं ते त्याने ८ मे धरलं. १३ पासून पुढे तर तेरावा महिनाच नसतो, म्हणून त्या तारखा नुसता मजकूर म्हणून पडून राहिल्या. ०८/०८ तेवढी दोन्हीकडून सारखीच, म्हणून ती वाचली!

मजकूर झालेली तारीख ओळखायची खूण सोपी आहे. खरी तारीख सेलमध्ये उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. उलटलेली तारीख मात्र अशी कळत नाही, त्यासाठी महिना अक्षरात दिसेल असा फॉरमॅट द्या. तारखेबरोबर वेळही आली असेल तर आकड्याला अपूर्णांक जोडला जातो आणि काउंटइफला ती तारीख सापडत नाही, हेही बघा.

विंडोजचं रीजन 'इंडिया' केलं, ऑगस्टच्या ३१ तारखा पुन्हा टाईप केल्या, मॅक्रो परत चालवला. आता उरल्या चारच : १९ आणि २० जुलै, २२ आणि २३ ऑक्टोबर. सकाळी प्रिंट काढून टाकली आणि काकांकडे गेले. "काका, चुकलं माझं," म्हटलं. ते म्हणाले, "बस, वही बघू." जुलैची ती समोरासमोरची दोन पानं आमटी सांडून चिकटली होती. नोंद आत नीट होती, टाईप करताना ती पानं उलटलीच गेली नव्हती. आणि २२-२३ ऑक्टोबर म्हणजे पाडवा आणि भाऊबीज, मेस खरंच बंद होती. ते दोन दिवस बिलातून कमी झाले, प्रत्येकीचे. त्याची नोटीस मी लावली आणि तिच्यातच माझी चूकही लिहिली.

मॅक्रो कोणाला हवा असेल तर पेनड्राइव्ह घेऊन या. पण यादी चारऐवजी चौतीसची आली, तर बोर्डाकडे जायच्या आधी एकदा वहीकडे जा.