दुधाळ्याची वेधशाळा मुलांनी कशी दाखवावी? ‘विस्तारित वास्तव’ प्रकल्पाची पूर्वतयारी



मराठवाड्यातील हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. औंढा नागनाथचे ज्योतिर्लिंग आणि संत नामदेवांचे नर्सी यांमुळे हा जिल्हा महाराष्ट्राला परिचित आहे. आता याच औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा या गावाचे नाव जगभरातील शास्त्रज्ञांच्या तोंडी आले आहे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या ‘लिगो-इंडिया’ वेधशाळेसाठी येथील जागा निवडण्यात आली. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये या प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली.

या यंत्राला शांतता लागते. मोठे कारखाने, अवजड वाहतूक व जमिनीची कंपने यांपासून ते दूर असावे लागते. ज्या दूरपणामुळे आपल्या भागाला आजवर मागासलेले म्हटले गेले, तोच येथे गुण ठरला. मात्र ज्या मुलांच्या अंगणात हे यंत्र उभे राहणार, त्यांना त्याचे मर्म कळले नाही तर ती एक उंच कुंपणाआडची सरकारी इमारत एवढीच त्यांच्यासाठी उरेल. म्हणून शाळा-वसतिगृहांतील मुलांनी ही वेधशाळा ‘विस्तारित वास्तवा’च्या साहाय्याने आपल्या गावकऱ्यांना दाखवावी, असे आम्हांस वाटते. त्याची पूर्वतयारी कशी करावी, हे येथे मांडीत आहोत.

विस्तारित वास्तव हे एक छत्रनाम आहे. डोळ्यांवर उपकरण लावून संपूर्ण कृत्रिम दृश्यात शिरणे म्हणजे आभासी वास्तव. मोबाइलच्या पडद्यावर समोरच्या खऱ्या मैदानातच एखादी काल्पनिक वस्तू उभी दिसणे म्हणजे संवर्धित वास्तव. या दोहोंच्या मधले प्रकारही त्यात येतात. याचा उपयोग निव्वळ करमणुकीपुरता नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॅटिकनने मायक्रोसॉफ्ट व आयकोनेम या संस्थांच्या मदतीने रोममधील संत पेत्राच्या महामंदिराची संगणकीय प्रतिकृती जाहीर केली. त्यासाठी ड्रोन व कॅमेऱ्यांनी चार लाखांहून अधिक छायाचित्रे घेतली गेली, आणि त्या कामातून भिंतींच्या भेगा व निखळलेले मोझेकचे तुकडेही लक्षात आले.

आम्ही एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात असे उपकरण पाहिले होते. मुलांची रांग मोठी होती. बाहेर आलेल्या मुलाला ‘काय पाहिले?’ असे विचारले, तेव्हा ‘फादर, डोके गरगरले’ एवढेच उत्तर मिळाले. दोष मुलाचा नव्हता. उपकरण आधी आणले गेले आणि काय दाखवायचे याचा विचार नंतर झाला.

म्हणून पहिले काम वहीत करावे. पाहणाऱ्याला शेवटी काय कळले पाहिजे, ते एका वाक्यात लिहावे. आपल्या प्रकल्पासाठी ते वाक्य असे असू शकेल: ‘चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या एक अतिसूक्ष्म थरथर कशी ओळखतात, हे आजीला समजावे.’ या वाक्यात न बसणारे दृश्य, कितीही देखणे असले तरी, गाळावे.

यंत्राची रचना मुलांना समजण्यासारखी आहे. एक लेझर किरण दुभंगून काटकोनातील दोन निर्वात नळ्यांमध्ये सोडतात. टोकांच्या आरशांवरून परतलेले किरण एकत्र येतात, तेव्हा ते एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतील अशी योजना असते. गुरुत्वीय लहर आली की एक भुजा किंचित ताणली जाते व दुसरी आखडते. किरणांचा मेळ बिघडतो आणि प्रकाश उमटतो. अमेरिकेतील अशाच दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती.

आता कच्चा नमुना. त्यासाठी संगणक लागत नाही. प्रथम मुलांनी गावाबाहेरच्या रस्त्याने चार किलोमीटर चालावे; एका भुजेची लांबी पायांना कळेल. मग शाळेच्या मैदानावर शंभरास एक या प्रमाणात चाळीस-चाळीस मीटरच्या दोन सुतळ्या काटकोनात ताणाव्या. या मापात सव्वा मीटर व्यासाची खरी नळी बोटाएवढी जाड होते, आणि आठवीतला विद्यार्थी दीड सेंटिमीटरचा! दोन मुले किरण होऊन कोपऱ्यातून एकदम निघावीत, टोकांना शिवून परतावीत. एकाची सुतळी थोडी लांबवली की ती दोघे एकाच वेळी पोहोचत नाहीत. कोणते दृश्य कोठून सुरू करावे, पाहणाऱ्याला कोठे उभे करावे, हे येथेच ठरते. मैदानावरची चूक दोन मिनिटांत सुधारते, तीच संगणकात दोन आठवडे घेते.

येथे एका गोष्टीकडे आम्ही आग्रहाने लक्ष वेधू इच्छितो. हे यंत्र जो बदल ओळखू शकते, तो प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म असतो. पडद्यावर तो एक सेंटिमीटर दिसावा यासाठी एकावर सोळा शून्ये इतक्या पटीने वाढवावा लागेल. तसे न वाढवता काहीच दिसणार नाही. वाढवून ते न सांगितले तर आपण खोटे दाखवले असे होईल. ‘हे दृश्य मोठे करून दाखवले आहे’ असे मराठीत, आवाजातही, सांगितले पाहिजे. ध्वनीची गोष्ट मात्र निराळी. त्या पहिल्या लहरीची कंपने सुमारे ३५ पासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेली. ती माणसाच्या कानाच्या टप्प्यातली असल्याने तिचे ध्वनीत रूपांतर करून ऐकवता येते. क्षणार्धाचा तो चढता सूर आजीच्या लक्षात राहील.

मैदानावरचा नमुना पटल्यावरच मोबाइलकडे वळावे. साधा स्मार्टफोन आणि पुठ्ठ्याची भिंगे लावलेली पेटी पुरेशी आहे. आकृत्या घडवण्यास ब्लेंडर व दृश्य मांडण्यास ए-फ्रेम ही दोन्ही साधने विनामूल्य मिळतात. एखाद्या कंपनीच्या आयत्या सेवेवर मात्र सर्व भार टाकू नये. शाळांमध्ये वापरली जाणारी ‘गूगल एक्स्पेडिशन्स’ ही सेवा जून २०२१ अखेर बंद झाली. आपल्या फाइली आपल्याजवळ ठेवाव्या. प्रकल्पस्थळाची छायाचित्रे परवानगीशिवाय घेऊ नयेत, ड्रोन तर मुळीच उडवू नये.

डोळ्यांना हालचाल दिसते आणि अंतःकर्णाला ती जाणवत नाही, तेव्हा मळमळ होते. म्हणून पाहणाऱ्याला खुर्चीवर बसवावे, दृश्यात त्याला धावडवू नये, आणि सर्व काही तीन मिनिटांत आटोपावे.

पहिली चाचणी एक आजी, पाचवीतले एक मूल आणि विज्ञान न शिकवणारे एक शिक्षक, अशा तिघांवर घ्यावी. चाचणी चालू असताना मुलांनी काहीही समजावून सांगू नये. आमच्या मते सर्वांत कठीण शिस्त हीच आहे. फक्त पाहावे आणि लिहावे: मान चुकीच्या बाजूला कोठे वळली, कोणता शब्द पुन्हा विचारला. नंतर त्या आजींना त्यांच्या शब्दांत यंत्र समजावण्यास सांगावे. त्यांना ते जमले नाही, तर पुन्हा सुतळी घेऊन मैदानावर जावे.