भोंग्यातला फझ

कसाऱ्याच्या अलीकडचं स्टेशन, उंबरमाळी. पहाटेच्या लोकलमध्ये विंडो सीट मिळाली, तर एकदा हेडफोनवर ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ लावून बघा. सत्तरच्या दशकातला मुंबईचा सायकेडेलिक बँड!

साठच्या दशकात अमेरिकेतली पोरं घरच्या गॅरेजमध्ये प्रॅक्टिस करायची, म्हणून नाव पडलं गॅरेज रॉक. सूर थोडे इकडेतिकडे, पण जोश फुल्ल. गिटारचा आवाज मुद्दाम फाडायचा, त्याला म्हणतात ‘फझ’. त्यात घुमणारा एको आणि लांबत जाणारं वादन आलं, की झालं सायकेडेलिक.

आपल्याकडे या पोरांना मोठं स्टेज दिलं एका सिगारेटच्या जाहिरातीने! ‘सिमला बीट’ स्पर्धेत देशभरातले बँड उतरायचे. त्यांच्या गाण्यांच्या १९७० आणि १९७१ अशा दोन रेकॉर्ड निघाल्या. आज जगभरातले संग्राहक त्या शोधत असतात. कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’मध्ये तर १९७२ साली लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट येऊन वाजवून गेले. तेही इथल्याच पोरांची वाद्यं घेऊन!

‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ची खरी मजा लाइव्हमध्ये होती, पण मागे उरला तो ‘ऑब्सेशन ७७’ हा एकच अल्बम. २०११ मध्ये अमेरिकेतल्या ‘नाऊ-अगेन’ लेबलने त्यांची गाणी पुन्हा काढली, तेव्हा कुठे नव्या पिढीला हा बँड कळला. बाकीच्या कितीतरी रात्री हवेतच विरल्या.

आजही मुंबईत गिग होतात. पण मेन बँड स्टेजवर येतो, तेव्हा आपण शेवटच्या कसारा लोकलसाठी धावत असतो. मग लाइव्ह ऐकायचंच नाही का?

ऐकतोच की! शहापूर-मुरबाडकडच्या वरातीतला बेंजो आठवा. वीज जोडलेली तारांची पेटी, टेम्पोवरचा भोंगा, फाटलेला आवाज, आणि एकच गाणं पंधरा मिनिटं लांबवणारा पोरगा. हा फझ नाही तर काय? त्याने नोटेशन शिकलेलं नसतं. गॅरेजवाल्या पोरांनी तरी कुठे शिकलं होतं?

फरक एवढाच, की त्या पोरांची रेकॉर्ड निघाली. आपल्या बेंजोवाल्याची लग्नसराई संपते आणि सगळं संपतं. तेव्हा पुढच्या वरातीत नाचाच, पण पाच मिनिटं मोबाइल भोंग्यापासून जरा लांब धरून नीट रेकॉर्ड करा. वाजवणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीखही लिहून ठेवा. पन्नास वर्षांनी कुणीतरी ते शोधत असेल.